जुन्या फोटोंचं पान संगणकावर जुळवताना

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी आठवणींचं एक पान करायचं ठरतं. ‘तुला कम्प्युटर येतो ना’ म्हणत घरातल्या कुणावर तरी ते काम येऊन पडतं आणि प्रश्न सुरू होतात. पडद्यावर लख्ख दिसणारा फोटो छापल्यावर धूसर का येतो? मराठी ओळ टाइप केली की रफार एकीकडे आणि वेलांटी दुसरीकडे का पळते? सॉफ्टवेअर विकतच घ्यावं लागतं का? स्टुडिओवाला मूळ फाइल देत नाही, त्याला तसं नाकारता येतं का? वाचकांकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून हा लेख.

शाळेत चिकटवही केलेल्या कुणालाही हे काम जमतं. सोयीसाठी आपण एकच उदाहरण धरून चालू. पान १२ बाय १२ इंचांचं. त्यावर १९६२ सालच्या लग्नातला एक कृष्णधवल फोटो, जपून ठेवलेली लग्नपत्रिका आणि चार ओळींचा मजकूर.

आधी आकार ठरवा

बहुतेक जण थेट सॉफ्टवेअर उघडून फोटो आत ओढायला लागतात आणि पान केवढं हवं याचा विचार शेवटी करतात. निम्मे घोटाळे इथेच होतात. पान कुठे छापणार, केवढं छापणार, फ्रेम करणार की फोटोबुकात घालणार, हे आधी ठरवा. छपाईसाठी दर इंचाला ३०० पिक्सेल हे प्रमाण धरायचं. त्याला ३०० डीपीआय म्हणतात. त्या हिशोबाने:

- ए-फोर कागद: २४८० × ३५०८ पिक्सेल
- ८ × ८ इंच: २४०० × २४०० पिक्सेल
- १२ × १२ इंच: ३६०० × ३६०० पिक्सेल
- करिझ्मा अल्बमची १२ × ३६ इंची जोडपानं: ३६०० × १०८०० पिक्सेल

फोटोबुक छापणारे बहुधा चारही कडांना ३ मिलिमीटर जादा भाग मागतात, कारण कापताना पातं थोडं इकडेतिकडे होतं. ३ मिलिमीटर म्हणजे ३०० डीपीआयला सुमारे ३५ पिक्सेल. तेव्हा १२ इंची पानाची फाइल ३६७० पिक्सेलची होते. हा जादा भाग हवा की नको, हे छापणाऱ्याला आधीच विचारा. पान पुरं झाल्यावर तो भाग वाढवणं म्हणजे सगळी मांडणी पुन्हा करणं.

पान फक्त व्हॉट्सॲपवर पाठवायचं असलं, तरी ते छपाईच्या आकारातच करा. मोठ्या फाइलची लहान प्रत क्षणात निघते, लहान फाइलमधून मोठी छपाई निघत नाही. आजचा ‘नुसतं ग्रुपवर टाकायचंय’ हा विचार कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ‘फ्रेमच करू या’ असा बदलतोच.

एका पानावर किती फोटो?

एक मुख्य फोटो, फार तर दोन-तीन पूरक. बारा फोटो कोंबलेलं पान दुकानाच्या दर्शनी फलकासारखं दिसतं आणि कुणाचाच चेहरा नीट दिसत नाही. सगळ्या नातवंडांना जागा द्यायची असेल तर त्यांचं वेगळं पान करा. लग्नाच्या पानावर लग्नच असू द्या.

जागा उरली तर ती वस्तूंना द्या. आपल्या घरांत या वस्तूंचा खजिना असतो आणि त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही: लग्नपत्रिका, पोस्टकार्डं, शाळेचा दाखला, पाककृतींच्या वहीतलं एखादं पान, मोडीत लिहिलेला हिशोब, गाठोड्यात राहिलेला खणाचा तुकडा. पानाची पार्श्वभूमी इंटरनेटवरून उतरवण्यापेक्षा आजीच्या पैठणीचा काठ किंवा चोळीचा खण थेट स्कॅनरच्या काचेवर ठेवा आणि स्कॅन करा. कापडाची वीण इतकी स्वच्छ उतरते की त्यापुढे विकतचे ‘डिजिटल कागद’ फिके पडतात, शिवाय ते कापड तुमच्याच घरातलं असतं. वर काळा कागद किंवा काळं कापड झाकलं की झाकणाची पांढरी छटा आरपार दिसत नाही.

स्कॅन करताना

फोटो केवढा छापता येईल हे स्कॅनच्या वेळीच ठरतं. हिशोब सोपा आहे: पिक्सेलना ३०० ने भागा, इंच मिळतात. ६ × ४ इंची फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला तर ३६०० × २४०० पिक्सेल मिळतात, म्हणजे तो १२ × ८ इंचांपर्यंत निर्धास्त छापता येतो. पासपोर्ट आकाराचा, ३५ × ४५ मिलिमीटरचा फोटो १२०० डीपीआयवर स्कॅन केला तर सुमारे १६५० × २१२५ पिक्सेल येतात. एवढासा फोटोही मग पाच-साडेपाच इंच रुंद छापता येतो.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोची लांब बाजू नेहमीच्या दर्जात सहसा १६०० पिक्सेलच्या आसपास असते. तो अख्खा फोटो पाच इंचांत बसवायला चालून जातो. पण त्या समूहफोटोतला आजोबांचा एकट्याचा चेहरा कापून घेतला की हातात उरतात दोन-तीनशे पिक्सेल. म्हणजे एका इंचाचा चेहरा. तो पानभर ताणला की धूसर येणारच, त्यात छापणाऱ्याचा दोष नाही. म्हणून पुण्याच्या मावशीला किंवा न्यू जर्सीच्या भावाला फोटो पाठवायला सांगताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असं आवर्जून सांगा. तसा पाठवला की मूळ फाइल जशीच्या तशी येते.

जुने फोटो हाताळताना एवढं सांभाळा:

- चिकट पानांच्या, वर पारदर्शक प्लॅस्टिक असलेल्या अल्बममधला फोटो ओढून काढू नका. तो मधोमध फाटतो. दात साफ करायचा बिनवासाचा दोरा मागून हळूहळू सरकवला तर काही वेळा सुटतो. नाही सुटला तर अख्खं पानच स्कॅन करा.
- स्कॅनरची काच पुसा, फोटो पुसू नका. फोटोवरची धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटका.
- जाळीदार, खरखरीत पृष्ठभागाचे फोटो स्कॅनरवर ठिपके दाखवतात. ते सावलीतल्या उजेडात, फोन अगदी समांतर धरून टिपा.
- जुन्या कृष्णधवल फोटोतल्या गडद भागांवर निळसर रुपेरी झाक आली असेल तर तो रसायनांचा परिणाम आहे. ती घासून काढू नका.
- वर्तमानपत्राचं कात्रण स्कॅन करताना मागे काळा कागद ठेवा, म्हणजे मागच्या बाजूची बातमी उमटत नाही. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये ‘डीस्क्रीन’ असेल तर तो चालू करा.
- फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, गाव, कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेली नावं तिथेच असतात.

घरी स्कॅनर नसेल तर गूगलचं फोटोस्कॅन ॲप चालतं. ते एकाच फोटोच्या अनेक प्रतिमा घेऊन चकाकी काढून टाकतं. एक-दोन फोटोंसाठी ते पुरे. ठेवणीतल्या मोठ्या फोटोसाठी मात्र गावातल्या स्टुडिओत किंवा झेरॉक्सवाल्याकडे फ्लॅटबेड स्कॅनर शोधा आणि ‘६०० डीपीआय, रंगीत’ असं सांगा. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच घ्या. पिवळे डाग, शाईचे शिंतोडे नंतर वेगळे काढायला त्याची मदत होते.

कुठलं सॉफ्टवेअर?

एका पानासाठी फोटोशॉपचं वर्गणीवालं सॉफ्टवेअर घेण्याची गरज नाही. पर्याय असे:

- गिंप: पूर्ण मोफत. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. सुरुवातीला अंगावर येतं, पण थोडी चिकाटी असेल तर हेच घ्या. पुढचे टप्पे मी गिंप धरूनच सांगते आहे.
- फोटोपी: ब्राउझरमध्ये उघडतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. फोटोशॉपच्या पीएसडी फाइलीही उघडतं. मोफत वापरताना जाहिराती दिसतात.
- कॅनव्हा: फोनवरच काम करायचं असेल तर सगळ्यांत सोपं. फक्त ‘कस्टम साइझ’मध्ये वर दिलेले पिक्सेल स्वतः भरा. तयार नमुना निवडलात तर आकार नमुन्याचा येतो, तुमच्या कागदाचा नाही.
- फोटोशॉप एलिमेंट्स: घरगुती वापरासाठीची सोपी आवृत्ती. विकत घेण्याआधी परवाना किती वर्षांचा आहे ते वाचा. २०२५ च्या आवृत्तीचा तीन वर्षांचा आहे.

बाजारात पेन ड्राइव्हवर मिळणाऱ्या ‘हजारो पीएसडी अल्बम डिझाइन’च्या नादाला लागू नका. त्यांतली गुलाबाची फुलं, हंसांची जोडी आणि इंग्रजी प्रेमवाक्यं १९६२ सालच्या नऊवारीतल्या नवरीशेजारी काय दिसतात, ते एकदा लावून बघाच.

पान जुळवण्याचे टप्पे

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, ती म्हणजे लेयर. प्रत्येक फोटो, प्रत्येक कागद, प्रत्येक ओळ आपापल्या पारदर्शक थरावर असते. एक थर हलवला तर दुसऱ्याला धक्का लागत नाही. काम बिघडतं ते बहुधा चुकीचा थर निवडलेला असतो म्हणून. काहीही करण्याआधी उजवीकडच्या यादीत कुठला लेयर निवडलेला आहे ते बघायची सवय लावा.

१. नवी फाइल. ‘फाइल’मध्ये ‘न्यू’ घ्या. रुंदी ३६००, उंची ३६००. खालच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये रेझोल्यूशन ३०० लिहा. लगेच नाव देऊन जतन करा. गिंपची स्वतःची फाइल एक्ससीएफ प्रकारची असते आणि थर तिच्यातच शाबूत राहतात.

२. मार्गरेषा. ‘इमेज’मधल्या ‘गाइड्स’मधून चारही कडांपासून ७५ पिक्सेलवर रेषा आखा. हे साधारण ६ मिलिमीटर होतात. चेहरे आणि अक्षरं या रेषांच्या आतच ठेवा. फोटोबुकात दोन पानं जोडलेली असतील तर मधल्या घडीवर कुणाचाही चेहरा येऊ देऊ नका.

३. पार्श्वभूमी. ‘फाइल’मधल्या ‘ओपन ॲज लेयर्स’ने खणाचा स्कॅन आणा आणि पानभर पसरवा. कापड भडक असेल तर त्यावर फिक्या बदामी रंगाचा थर टाकून त्याची ‘ओपॅसिटी’ साठ-सत्तर टक्क्यांवर आणा. पार्श्वभूमी फोटोपेक्षा मागेच राहिली पाहिजे. पूर्ण पानावर कापड जड वाटलं तर फक्त डाव्या कडेला दोन इंची पट्टी ठेवा. काठ म्हणून ती जास्त शोभते.

४. मुख्य फोटो. तो आणला की आधी त्याचा ‘डुप्लिकेट लेयर’ करा आणि मूळ थराचा डोळा बंद करून तो लपवा. गिंपमध्ये साधा फोटो लहान केला की पिक्सेल कायमचे जातात आणि परत मोठा केला तर तो बोथट होतो. लपवलेली प्रत असली की पुन्हा सुरुवात करता येते. फोटोशॉप आणि फोटोपीमध्ये यासाठी ‘स्मार्ट ऑब्जेक्ट’ची सोय आहे. फोटो लहान-मोठा करताना रुंदी-उंचीमधली साखळी जोडलेली ठेवा, नाहीतर आजोबा लठ्ठ होतात.

५. किनार. जुन्या फोटोची पांढरी, नागमोडी कड शाबूत असेल तर ती कापू नका. ती त्या काळाची खूण आहे. नसेल तर फोटोच्या खाली, चारही बाजूंनी तीसेक पिक्सेल मोठा असा पांढरट थर ठेवा. शुभ्र पांढरा घेऊ नका, किंचित पिवळसर घ्या.

६. नको ते लपवणं. फोटोचा भाग इरेझरने खोडू नका. ‘ॲड लेयर मास्क’ करा. मास्कवर काळा रंग फिरवला की भाग लपतो, पांढरा फिरवला की परत दिसतो. फाटकी लग्नपत्रिका पार्श्वभूमीवरून अलगद कापून घ्यायला याहून चांगली पद्धत नाही. फाटलेला कोपरा सरळ करू नका, तसाच राहू द्या.

७. सावली. ‘फिल्टर्स’मधल्या ‘लाइट अँड शॅडो’त ‘ड्रॉप शॅडो’ आहे. आडवं-उभं अंतर १० पिक्सेल, धूसरपणा १५ ते २०, ओपॅसिटी चाळीस टक्क्यांच्या आसपास. फोटो कागदावर चिकटवल्यासारखा दिसायला एवढं पुरतं. जास्त केलं तर तो हवेत तरंगतो. आणि सगळ्या वस्तूंची सावली एकाच दिशेला पडू द्या. एकाची डावीकडे आणि दुसऱ्याची उजवीकडे पडली तर बघणाऱ्याला पानात काहीतरी खटकतं आणि काय ते सांगता येत नाही.

८. तिरपेपणा. पत्रिका दोन-तीन अंश तिरपी ठेवली तर पान जिवंत वाटतं. मुख्य फोटो सरळच ठेवा.

९. नावं द्या. ‘लेयर १’, ‘लेयर १ कॉपी’, ‘लेयर १ कॉपी २’ अशी यादी झाली की अर्ध्या तासात तुम्हीच गोंधळता. ‘पत्रिका’, ‘पत्रिका सावली’ अशी नावं टाका.

मराठी मजकूर तुटतो तेव्हा

तक्रारी सर्वांत जास्त याच ठिकाणी येतात. कारणं दोन.

पहिलं कारण फॉन्टचं. कृतीदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टांमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोड नसतो. दुसरीकडे चिकटवला की त्याचं गबाळं होतं. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, फोनवर जीबोर्ड आहे. फोनवर लिहून स्वतःलाच ईमेल केला तरी चालतं.

दुसरं कारण सॉफ्टवेअरचं. गिंप देवनागरी जोडाक्षरं मुळातच नीट जुळवतं. फोटोशॉपमध्ये ती तुटत असतील तर जुन्या आवृत्त्यांत ‘प्रेफरन्सेस’च्या ‘टाइप’ विभागात ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ हा पर्याय निवडा, किंवा पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूत ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडा. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा आणि मजकूर नव्याने टाका.

फॉन्ट निवडण्याआधी त्यात हे शब्द लिहून पाहा: आशीर्वाद, वऱ्हाडी, ज्येष्ठ, कृष्णा, ॲल्बम. ‘ऱ्ह’ आणि ‘ॲ’वर अनेक फॉन्ट अडखळतात. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्त आणि बलू हे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत आणि त्यांचा परवाना छपाईलाही चालतो. जुन्या पुस्तकासारखी अक्षरं हवी असतील तर ‘टिरो देवनागरी मराठी’ बघा. त्यात ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाचे आहेत, हिंदी वळणाचे नाहीत.

अक्षराचा आकार गिंपमध्ये पिक्सेलमध्ये दिसतो. ३०० डीपीआयला १२ पॉइंट म्हणजे ५० पिक्सेल. ज्येष्ठांनी वाचायचं पान असेल तर ६० च्या खाली जाऊ नका. ओळींमधलं अंतर थोडं वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. एका पानावर दोनच फॉन्ट, एक शीर्षकाला आणि एक मजकुराला.

आणि मजकुरात काय लिहाल? ‘सोनेरी क्षण’, ‘अनमोल आठवणी’ हे लिहू नका. कोण, कुठे, कधी, ते लिहा. डावीकडून उजवीकडे नावं, गाव, साल, फोटो कुणाच्या वाड्यात काढला, मागे उभी असलेली परकरातली मुलगी कोण. सजावट पुढच्या वर्षीही करता येईल, ही माहिती सांगणारी माणसं आज समोर आहेत. फोटो आजीसमोर ठेवा, फोनवर रेकॉर्डिंग चालू करा आणि विचारा. तिच्या बोलण्यातलं एखादं वाक्य जसंच्या तसं घेतलंत तर पानाला दुसऱ्या मजकुराची गरजच पडत नाही.

फोटो किती ‘सुधारायचा’?

उजेड आणि रंग नीट करा, माणसं बदलू नका. ही माझी ठाम सूचना आहे.

फिकट कृष्णधवल फोटोसाठी ‘कलर्स’मधलं ‘लेव्हल्स’ उघडा आणि आलेखाच्या दोन्ही टोकांचे त्रिकोण जिथे डोंगर सुरू होतो तिथपर्यंत आत आणा. बहुतेक वेळा एवढंच पुरतं. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो लालसर झालेले असतात, कारण त्यांतला निळसर रंग आधी उडतो. त्यासाठी ‘लेव्हल्स’मध्येच लाल, हिरवा, निळा हे तीन भाग वेगवेगळे जुळवा. चरे आणि डाग ‘हील’ टूलने काढा, पण चेहऱ्यावर हे टूल फार जपून वापरा. नथीचा मोती किंवा गोंदणाचा ठिपका डाग समजून पुसला जाऊ शकतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी ‘फोटो सुधारक’ ॲप्स चेहरा स्पष्ट करतात, म्हणजे बऱ्याचदा नवा चेहरा बनवतात. डोळे टपोरे होतात, कातडी गुळगुळीत होते आणि घरातलंच कुणी म्हणतं, ‘ही कोण?’ कृष्णधवल फोटो रंगीत करणारी ॲप्स शालूचा रंग अंदाजाने भरतात. शालू खरोखर हिरवा होता की जांभळा, हे फक्त आजीला माहीत असतं. असं काही वापरलंत तर खाली ‘रंग नंतर भरले आहेत’ असं लिहा आणि मूळ स्कॅन बाजूला ठेवा. अनोळखी ॲपवर लहान मुलांचे फोटो चढवू नका.

छापायला देताना

एक्ससीएफ फाइल जशी आहे तशी राहू द्या. छपाईसाठी ‘एक्स्पोर्ट ॲज’ने जेपेग काढा, दर्जा ९५ च्या वर. छापणाऱ्याला हे विचारा:

- फाइल जेपेग हवी की पीडीएफ? रंग एसआरजीबी की सीएमवायके? फोटो कागदावर छापणाऱ्या लॅबना बहुधा एसआरजीबी चालतो.
- कडेचा जादा भाग किती?
- कागद चकचकीत की मॅट? फ्रेममध्ये काचेमागे जाणार असेल तर मॅट घ्या.
- यंत्राचं ‘ऑटो करेक्शन’ बंद ठेवाल का? चालू राहिलं तर तुम्ही जपलेली पिवळसर छटा यंत्र पांढरीफटक करून टाकतं.

पडदा स्वतः उजळतो, कागद उजळत नाही. त्यामुळे छपाई नेहमी थोडी गडद येते. काम करताना पडद्याचा उजेड निम्म्यावर ठेवा. अख्खं पान छापण्याआधी त्यातला चेहरा आणि मजकूर येईल असा १८०० × १२०० पिक्सेलचा तुकडा कापून ६ × ४ इंचांत छापून घ्या. साध्या फोटोच्या पैशांत रंग, स्पष्टपणा आणि अक्षरांचा आकार तिन्ही कळतात.

काम संपल्यावर एक्ससीएफ फाइल, मूळ स्कॅन आणि वापरलेले फॉन्ट एकाच फोल्डरमध्ये ठेवा. एक प्रत संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग प्रसंग, मग गाव.

हक्क तुमचे आणि इतरांचे

लग्नाचे फोटो कुणाच्या मालकीचे? कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन तुमच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचे पहिले हक्कधारक तुम्हीच असता, वेगळा करार झालेला नसेल तर. शेवटचे शब्द महत्त्वाचे. आजकाल अनेक स्टुडिओ बुकिंगच्या कागदावरच हक्क आपल्याकडे ठेवल्याचं लिहितात. सही करण्याआधी वाचा. आणि हक्क तुमचा असला तरी मूळ फाइली कधी, कोणत्या रूपात मिळणार हे बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या, कारण वाद नेमका तिथे होतो.

मोबदला न घेता मित्राने हौसेने काढलेल्या फोटोचा हक्क मित्राचाच. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत टिकतो. घरातल्या भिंतीवरच्या पानात वर्तमानपत्राचं कात्रण किंवा दुसऱ्याचा फोटो वापरला तर खाजगी वापराची मुभा देणारं कलम ५२ आहे. मात्र तेच पान स्मरणिकेत छापून विकायचं असेल, तर ज्याचा फोटो त्याची लेखी परवानगी घ्या. इंटरनेटवर सापडलेलं चित्र फुकट दिसतं म्हणून फुकट नसतं. परवाना शोधा, नाही सापडला तर वापरू नका.

पान समाजमाध्यमांवर टाकण्याआधी त्यात दिसणाऱ्यांना विचारा. जुनी कागदपत्रं वापरली असतील तर आधार क्रमांक, बँक खातं आणि सध्याचा पत्ता झाका. झाकताना वर काळा थर ठेवून पीएसडी किंवा एक्ससीएफ पाठवू नका. थर हलवला की खालचं सगळं दिसतं. जेपेगच पाठवा.

छपाई खराब आली तर? तुमची फाइल, दिलेली ऑर्डर, पावती आणि खराब पानाचा फोटो एकत्र ठेवा आणि आधी दुकानदाराकडे लेखी मागणी करा. चूक त्याची असेल तर तो पुन्हा छापून देतो, बहुतेक प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार दाखल करता येते.